तीन चित्रपट, तीन संकेतस्थळे आणि एक ट्रंक

संपादकांचा निरोप आला की यंदा पुस्तकाचे परीक्षण नको, अलीकडे पाहिलेल्या चित्रपटांविषयी आणि इंटरनेटवर पाहण्यासारखे काय आहे त्याविषयी लिहा. आम्ही आधी नाहीच म्हणालो. चित्रपट हा आमचा प्रांत नव्हे. आमच्या लहानपणी सोलापुरात घरात सिनेमाचे नाव काढले की दादाजान चप्पल शोधू लागत. अब्बा गुपचूप जात आणि परत आल्यावर मिलमध्ये ओव्हरटाइम होता असे सांगत. इंटरनेटचे म्हणाल तर ते सारे मुलीच्या हाती आहे, आम्ही चष्मा पुसत तिच्या मागे उभे असतो. तरीही लिहायला बसलो. २०२५ साली आलेल्या तीन चित्रपटांनी आमच्या घरात जेवढी वादावादी घडवली तेवढी अलीकडच्या एकाही कादंबरीने घडवलेली नाही. त्या वादावादीचा हा गोषवारा समजावा.

हिंदी पडद्यावरचा मुसलमान आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. आधी तो नवाब होता. ‘मेरे मेहबूब’ (१९६३) आणि ‘पाकीजा’ (१९७२) पाहून आमच्या मोहल्ल्यातल्या लोकांना वाटे, मुसलमान लखनौला राहतात, आपण इथे चुकून आलो आहोत. मग ‘शोले’तले (१९७५) रहीमचाचा आले, मुलगा गमावून मशिदीकडे वळणारे. नंतर तस्कर आला आणि त्याच्यापाठोपाठ अतिरेकी. मध्ये ‘गर्म हवा’, ‘सलीम लंगडे पे मत रो’ (१९८९), ‘मम्मो’ (१९९४), ‘नसीम’ (१९९५) असे काही चित्रपट आले आणि त्यांनी आमची लाज राखली, पण ते पाहिले किती जणांनी? आम्ही ‘नसीम’ प्रथम पाहिला तो व्हिडिओ कॅसेटवर आणि तीही तिसऱ्या हाताने आलेली.

मराठीचे आणखी वेगळे. मराठी चित्रपटातला मुसलमान वर्षानुवर्षे ‘अरे भाई, हम बोलताय’ अशी भाषा बोलत आला. ही भाषा बोलणारा माणूस आम्हाला अजून भेटलेला नाही. आमच्या कोकणातल्या नातेवाइकांना तर त्यांच्या कोकणी बोलीखेरीज दुसरी भाषा धड येत नाही. म्हणून ‘सैराट’मधला (२०१६) सल्या पाहिला तेव्हा आम्ही चमकलो. सल्या मुसलमान आहे हे त्याच्या नावावरून कळते, बोलण्यावरून कळत नाही. तो करमाळ्याकडचे मराठी बोलतो, मित्रासाठी मार खातो. बस्स. नागराज मंजुळे यांनी ‘मुस्लिम पात्र’ रंगवलेच नाही, एक पोरगा दाखवला. आमच्या मते मराठी पडद्यावरचा आजवरचा सर्वांत खरा मुसलमान सल्याच आहे. त्याच्यावर कुणी निबंध लिहिलेला आमच्या पाहण्यात नाही. राजन खान यांच्या कथेवरचा शिवाजी लोटन पाटील यांचा ‘हलाल’ (२०१७) धाडसी खराच, पण तो विषयाचा चित्रपट होता, माणसे विषयामागून चालत आली.

आता आमच्या वादाचा पहिला चित्रपट. ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’. दिग्दर्शन रीमा कागती यांचे, लेखन वरुण ग्रोव्हर यांचे. टोरांटोच्या महोत्सवात २०२४ साली तो दाखवला गेला आणि २८ फेब्रुवारी २०२५ ला आपल्याकडे लागला. यातला नासिर शेख हा काल्पनिक नाही. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या या माणसाने मालेगावातच ‘मालेगाव के शोले’ काढला, तोही मित्रांना जमवून, लग्नाचे चित्रीकरण करायच्या कॅमेऱ्यावर. पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’. त्यात सुपरमॅन झाला तो मागावर काम करणारा शफीक. फैजा अहमद खान यांनी या सगळ्यावर ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट २००८ साली केला आणि २०१२ मध्ये तो आपल्याकडच्या चित्रपटगृहांत लागला. नवा चित्रपट त्याच्यावर उभा आहे.

आमच्या सोलापुरातही माग आहेत. चादरी आणि टॉवेलचे. त्यामुळे पडद्यावर मागाचा खडखडाट सुरू झाला तेव्हा आम्ही एकदम घरी आलो. मागावरचा माणूस मोठ्याने बोलतो, कारण आठ-दहा तास त्याला त्या आवाजावर मात करून बोलावे लागते आणि ती सवय घरीही सुटत नाही. मालेगावचे विणकर मूळचे उत्तरेचे. १८५७ नंतरच्या धामधुमीत मऊ, आझमगढ या भागांतून त्यांचे काफिले दक्षिणेकडे निघाले आणि मोसम नदीच्या काठी स्थिरावले. तिथे मागाची सुट्टी शुक्रवारी. शुक्रवारी जुम्याची नमाज आणि मग सिनेमा, हा त्या गावाचा रिवाज. ज्या गावात हजारो माणसे सहा दिवस एकाच लयीत हात हलवतात त्या गावाला सातव्या दिवशी हसायला काहीतरी लागतेच. नासिर शेख यांनी हे ओळखले. मुंबईची भाषा त्यांनी घेतली नाही, आपल्या गावची घेतली. गब्बर मालेगावचा झाला म्हणून लोक हसले.

चित्रपटातला आम्हाला सर्वांत भावलेला माणूस लेखक फरोग हा आहे (विनीतकुमार सिंह). नक्कल करून पैसा मिळवायचा की आपले काही लिहायचे, यावर त्याचे मित्राशी बिनसते, तो मुंबईला जातो आणि तिथे त्याला कुणी विचारत नाही. या अंकाचे कितीतरी वाचक स्वतः लिहितात. फरोगला पाहून त्यांना घरातला कुणीतरी आठवेल. आम्हाला आठवले ते १९९० साली सोलापुरात भरलेले पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन. वह्या काखोटीला मारून आलेली तरुण पोरे, आपण काय लिहितो हे कुणाला तरी एकदा वाचून दाखवायचे एवढीच त्यांची मागणी. त्यांतली किती पुढे लिहिती राहिली?

शफीकचा शेवट सांगण्याची गरज नाही. माहितीपट पाहिलेल्यांना तो ठाऊक आहे. सुपरमॅन तंबाखूच्या खलनायकाशी लढतो आणि सुपरमॅन झालेला माणूस कर्करोगाने जातो, हे लेखकाने कल्पून लिहिले असते तर आम्ही ते भडक म्हणून खोडले असते.

आमच्या मुलीची तक्रार निराळी होती. तिचे म्हणणे, मालेगाव म्हटले की लोकांना जे आठवते त्यापाशी हा चित्रपट थांबतच नाही. ८ सप्टेंबर २००६, शब-ए-बारातचा दिवस, कब्रस्तानाजवळ स्फोट, तीसहून अधिक माणसे गेली. पकडलेल्या नऊ मुस्लिम तरुणांना न्यायालयाने २०१६ मध्ये दोषमुक्त केले. २९ सप्टेंबर २००८ ला पुन्हा भिक्कू चौकात स्फोट, सहा बळी. त्या खटल्यातले सातही आरोपी ३१ जुलै २०२५ रोजी निर्दोष सुटले. ‘मग मारले कुणी?’ हा प्रश्न गावाकडे तसाच उरला. एवढे सगळे ज्या वर्षांत घडले त्याच वर्षांची गोष्ट सांगताना ते बाजूला ठेवायचे, हा पळपुटेपणा नव्हे काय?

आम्ही दोन दिवस या प्रश्नाशी झगडलो. मुलीचे म्हणणे खोटे नाही. पण आमचे मत तिच्याहून वेगळे पडले. मालेगाव हे नाव वीस वर्षे आपण फक्त बातमीत ऐकले आणि बातमीत ते नाव आले की आमच्या पोटात गोळा येई. एस.टी.त शेजारी बसलेला माणूस ‘कुठले तुम्ही?’ विचारायचा तेव्हा मालेगावचे आमचे साडू नुसते ‘नाशिक’ म्हणायचे. त्या नावाचा चित्रपट लागतो, त्यात माणसे हसतात, भांडतात, प्रेम करतात आणि मुंबईच्या थिएटरात इतर लोक त्यांच्यासाठी रडतात, याची किंमत आम्ही कमी धरायला तयार नाही. स्फोटांवर चित्रपट व्हायला हवा, जरूर व्हावा. तो हा असायला हवा होता असे नाही. खरी उणीव आम्हाला वाटते ती बायकांची. नायिकेचे काम करायला बाहेरून बाई आणावी लागते एवढे चित्रपट सांगतो, पण मालेगावच्या बाईला काय हसू येते, ती शुक्रवारी काय करते, हे त्यालाही कळलेले नाही. माहितीपटालाही ते कळले नव्हते.

जाता जाता, मालेगावच्या ‘छोटूदादा’च्या विनोदी फिती यूट्यूबवर कोट्यवधी वेळा पाहिल्या गेल्या आहेत. आम्हाला त्या फारशा रुचत नाहीत, आमच्या नातवाला रुचतात. नासिर शेख यांनी खोदलेल्या विहिरीचे पाणी अजून आटलेले नाही एवढाच याचा अर्थ.

दुसरा चित्रपट नीरज घायवान यांचा ‘होमबाउंड’. २०२५ च्या कान महोत्सवात तो दाखवला गेला, सप्टेंबरमध्ये आपल्याकडे लागला आणि ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका ठरला. बशारत पीर यांनी २०२० साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिलेल्या एका लेखावर तो आधारलेला आहे. टाळेबंदीत सुरतहून घरी निघालेले उत्तर प्रदेशातल्या एकाच गावचे दोन मित्र, एक दलित, एक मुसलमान. मध्य प्रदेशातल्या रस्त्याच्या कडेला एकाच्या मांडीवर दुसऱ्याचे डोके, हे छायाचित्र मे २०२० मध्ये आपण सर्वांनी पाहिले होते.

याच्यावर आमच्या घरात वाद झाला नाही, कुणी बोललेच नाही. शोएब (ईशान खट्टर) आणि चंदन (विशाल जेठवा) या दोघांना पोलिसात भरती व्हायचे आहे. वर्दी मिळाली की कुणी नाव विचारणार नाही, अशी त्यांची समजूत. चंदन अर्जात जात लपवतो. शोएबला नाव लपवता येत नाही. ऑफिसात त्याने भरलेली पाण्याची बाटली एक साहेब घेत नाही. घायवान हे दृश्य मोठे करत नाहीत, पार्श्वसंगीत वाजत नाही, पुढचे काम सुरू होते. आम्ही नोकरीत बत्तीस वर्षे काढली. त्या बाटलीविषयी आम्हाला अधिक काही लिहायचे नाही.

शोएब शेर म्हणत नाही, संकटात सापडल्यावर दर्ग्यात जाऊन गात नाही. तो नोकरी शोधतो. हिंदी चित्रपटाला मुसलमानाची बेकारी दिसायला एवढी वर्षे लागली. सच्चर समितीने २००६ साली जे आकड्यांत मांडले ते या चित्रपटाने एका पोराच्या चेहऱ्यावर दाखवले. तीन चित्रपटांत कलाकृती म्हणून आम्ही याला पहिला नंबर देतो. आणि दलित-मुस्लिम मैत्रीवर आपल्याकडे परिसंवाद पुष्कळ झाले. त्या परिसंवादांत नसलेली एक गोष्ट इथे आहे, ती म्हणजे दोघांचे एकमेकांवर चिडणे. कुणाचे दुःख मोठे यावर तेही भांडतात. म्हणूनच ती मैत्री खरी वाटते.

तिसरा चित्रपट ‘हक’. इथे मात्र घर पेटले.

सुपर्ण वर्मा दिग्दर्शित हा चित्रपट ७ नोव्हेंबर २०२५ ला लागला. शाहबानो खटल्यापासून प्रेरणा घेतलेला. यामी गौतम शाझिया बानो झाल्या आहेत आणि इमरान हाश्मी तिचे वकील पती अब्बास. दोघांचीही कामे उत्तम. शाहबानोंच्या कुटुंबातून प्रदर्शनाला आक्षेप घेतला गेला होता. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने तो प्रदर्शनाच्या तोंडावर फेटाळला.

आमचा पहिला आक्षेप वयाचा आहे. खऱ्या शाहबानोंना १९७८ मध्ये तलाक मिळाला तेव्हा त्या साठी ओलांडलेल्या होत्या. १९३२ सालचे लग्न, पाच मुले, त्रेचाळीस वर्षांच्या संसारानंतर १९७५ मध्ये घराबाहेर. पडद्यावरची शाझिया तरुण आहे, सुंदर आहे, सवत आल्यावर तिचे हृदय मोडते. तरुण बाईच्या मोडलेल्या प्रेमाची गोष्ट आणि म्हाताऱ्या बाईच्या दोन वेळच्या भाकरीची गोष्ट, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खटला भाकरीचा होता. खालच्या न्यायालयाने महिना २५ रुपये पोटगी दिली होती. उच्च न्यायालयाने १७९ रुपये २० पैसे केली. नवऱ्याची कमाई वर्षाला साठ हजारांच्या घरात. ते वीस पैसे आम्हाला नेहमी छळतात. कुणीतरी बसून हिशेब केला असणार ना!

दुसरा आक्षेप असा की चित्रपट पाहून वाटते, १९८५ च्या आधी काही नव्हते. प्रत्यक्षात कलम १२५ खाली मुस्लिम बाईला पोटगी १९७९ सालीच सर्वोच्च न्यायालयाने दिली होती. त्या खटल्यातली बाई मुंबईची आणि निकाल न्या. कृष्ण अय्यर यांचा. त्याआधी १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लिम बायका मुंबईत विधानसभेवर मोर्चा घेऊन गेल्या होत्या. सातच! त्यांना रस्त्यात काय काय ऐकावे लागले असेल त्याची कल्पना करावी. १९८५ मध्ये कोल्हापूरहून नागपूरकडे तलाक मुक्ती मोर्चा निघाला. दलवाईंशी आमचे सगळ्याच बाबतीत जुळत नाही, ते आम्ही याच पानांवर पूर्वी लिहिले आहे. पण त्या सात जणींची आठवण या विषयावरच्या चित्रपटाला नसावी हे बरे नव्हे. ज्योती सुभाष यांचा ‘हमीद : द अनसंग ह्युमनिस्ट’ हा २०१७ चा माहितीपट ‘हक’च्या आधी किंवा नंतर पाहावा, मग चित्र पुरे होते.

आणि निकालानंतरचे? २३ एप्रिल १९८५ चा निकाल, मग देशभरचे मोर्चे, समाजाच्या दडपणाखाली खुद्द शाहबानोंनी निकाल नाकारणे, १९८६ चा कायदा. पुढे २००१ मध्ये दानियल लतीफी खटल्यात न्यायालयाने त्याच कायद्याचा असा अर्थ लावला की इद्दतीच्या मुदतीतच बाईच्या पुढच्या साऱ्या आयुष्याची तजवीज नवऱ्याने केली पाहिजे. २००२ मध्ये आपल्या औरंगाबाद खंडपीठाच्या पूर्णपीठाने लातूरच्या एका खटल्यात सांगितले की ‘मी तलाक दिला’ असे नुसते म्हणून भागत नाही, सबळ कारण आणि समेटाचा प्रयत्न सिद्ध करावा लागेल. २०१७ मध्ये एकाच बैठकीतला तिहेरी तलाक बाद झाला, २०१९ मध्ये तो गुन्हा ठरला आणि १० जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केले की कलम १२५ मुस्लिम बाईलाही लागू आहे. लातूरचा निकाल आपल्याकडचा, आपल्या माणसांचा. आपल्यापैकी किती जणांना तो ठाऊक आहे? आम्हाला स्वतःला तो दहा वर्षांनी कळला.

मुलगी म्हणाली, ‘अब्बा, हा चित्रपट आपल्यासाठी काढलेलाच नाही. आपल्याविषयी इतरांना दाखवण्यासाठी काढलाय.’ मुलांची अम्मी म्हणाली, ‘कुणासाठी का काढेना, त्यात खोटं काय आहे ते सांग.’ यावर मुलगी गप्प झाली नाही, ती गप्प होणाऱ्यातली नाही. अम्मीही झाली नाही. शाझिया कुराण स्वतः वाचून, समजून कोर्टात बोलते, ते दृश्य अम्मीला फार आवडले. तिचे म्हणणे, मुलींना लहानपणी नाजरा शिकवतात, अर्थ कुणी शिकवत नाही, आणि पुढे तोच अर्थ दुसरा कुणीतरी त्यांना ऐकवतो.

खाला त्या दिवशी आमच्याकडे होती. सोफ्यावर पाय वर घेऊन तिने सगळा चित्रपट पाहिला. खालाला १९८० साली तलाक आला तो पोस्टकार्डावर. पंधरा पैशांचे कार्ड, पोस्टमनने वाचून मगच हातात दिले. मेहर एकशे एक्कावन्न रुपये. कोर्टात जायचे तिने नाव काढले तेव्हा आमच्या अब्बांसकट घरच्या वडीलधाऱ्यांनी तिला गप्प केले, घराण्याची इज्जत म्हणून. पुढे तीस वर्षे तिने ब्लाउज शिवले आणि दोन पोरे मोठी केली. चित्रपट संपल्यावर आम्ही विचारले, कसा वाटला? ती म्हणाली, ‘अच्छा है. उसकू वकील तो थी. मेरेकू कोर्टकू जाने एस्टीका भाडा नै था.’ मग तिने चहा मागितला.

अब्बांविषयी आम्ही या अंकात आदराने पुष्कळ लिहिले आहे. हे एक लिहायचे राहिले होते.

आता संकेतस्थळे. मुलीच्या मदतीने जी पाहिली त्यातली तीन सांगतो. बाकी इंटरनेट हे मीना बाजारासारखे आहे, खिसा सांभाळून फिरावे.

पहिले ‘रेख्ता’. संजीव सराफ यांनी २०१३ मध्ये सुरू केलेले. उर्दू कविता तिथे उर्दू, देवनागरी आणि रोमन अशा तिन्ही लिप्यांत मिळते आणि अडलेल्या शब्दावर बोट ठेवले की अर्थ समोर येतो. आमच्यासारख्यांसाठी ही फार मोठी सोय आहे. अब्बांनी आम्हाला मराठी शाळेत घातले, नोकरीच्या दृष्टीने ते शहाणपणाचेच झाले, पण घरातली उर्दू पुस्तके आमच्यासाठी मुकी झाली. आजोबांच्या कपाटातला दीवान आम्ही पन्नास वर्षे नुसता धूळ झटकून ठेवत आलो. तो आता आम्ही देवनागरीत वाचतो. ही सोय एका बिगरमुस्लिम उद्योजकाने केली, आपल्या मोठमोठ्या संस्थांना ती सुचली नाही, याचाही विचार व्हावा.

तक्रारही आहे. रेख्ताचे मन दिल्ली-लखनौकडे ओढ घेते. दखन तिथे आहे, वली आहेत, सिराज औरंगाबादी आहेत, कुली कुतुबशाह आहेत, पण त्यांच्यापर्यंत आपण होऊन जावे लागते, कुणी बोट धरून नेत नाही. एका रात्री मुलगी जुनी दखनी कविता चाळत होती. एकदम ओरडली, ‘अब्बा, ये तो अपना नक्को है!’ ज्या नक्कोसाठी, हौसाठी आम्हाला शाळेत मराठी मास्तर हसले आणि लग्नकार्यात उत्तरेकडचे पाहुणे हसले, तो शब्द चारशे वर्षांच्या कवितेत मानाने बसलेला. आणि तो आला कुठून? मराठीच्या ‘नको’तून. ‘तुम्ही मराठी कसे काय लिहिता?’ असे आम्हाला अजूनही विचारले जाते. यापुढे उत्तर म्हणून हा एकच शब्द सांगावा असे ठरवले आहे.

दुसरे संकेतस्थळ ‘पारी’, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया. पी. साईनाथ यांनी २०१४ च्या डिसेंबरमध्ये सुरू केलेले. खेड्यापाड्यांतले वृत्तांत मराठीतही वाचता येतात, पण आम्ही तिथे जातो ते जात्यावरच्या ओव्यांसाठी. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गावोगाव फिरून गोळा केलेल्या एक लाखाहून अधिक ओव्या, कित्येक गाणाऱ्या बायकांच्या स्वतःच्या आवाजात. घरघर ऐकू येते, मध्येच कोंबडा आरवतो.

आमची नानी बार्शीकडची. पहाटे जात्यावर बसून ती ओव्या म्हणे. पंढरीचा विठोबा तिच्या ओवीत होता, पीरसाहेब होते, मक्का-मदिना होते आणि सासरी गेलेली तिची बहीण होती. ओवी म्हणून झाली की उठून फजरची नमाज. यात काही विशेष आहे असे तिला किंवा आम्हाला वाटले नाही. पारीवर पहिली ओवी लावली तेव्हा शब्द वेगळे होते, पण चाल तीच होती, ओळीच्या शेवटी दम घ्यायची जागासुद्धा तीच. नानी १९८३ साली गेली. तिच्या ओव्यांतली एकही पूर्ण आम्हाला येत नाही. खालाला दोन-तीन येतात, पण मध्येच ओळ विसरते. आम्ही एम.ए. मराठी, लोकसाहित्याच्या पेपरात पासष्ट मार्क मिळवलेले, आणि घरातले जाते आम्हाला कधी ऐकू आले नाही.

तिसरे ‘इंटरनेट आर्काइव्ह’. अमेरिकेत १९९६ पासून चालू असलेले हे अफाट ग्रंथालय. भारत सरकारच्या डिजिटल लायब्ररीच्या योजनेत स्कॅन झालेली हजारो जुनी मराठी पुस्तके तिथे फुकट मिळतात. अडचण एकच, नावे रोमन लिपीत आणि वाटेल तशी लिहिलेली. शेख महंमद यांच्यासाठी ‘शेक’, ‘शैख’, ‘सेख’, ‘महमद’, ‘मोहमद’ असे सगळे मंत्र म्हणून पाहावे लागतात. कधी ‘ग्रंथ’ म्हणून उघडावे तर आत पंचांग निघते. चिकाटी असलेल्यांनीच जावे. आम्ही तिथे दोन रात्री घालवल्या आणि तिसऱ्या रात्री एक साधी गोष्ट करून पाहिली. आपल्या या वार्षिकांकाचे नाव टाकले. मराठीत टाकले, रोमनमध्ये टाकले, उलटसुलट टाकले. काही नाही. मग नव्वद सालापासून आपल्यात लिहिलेल्या दहा-बारा जणांची नावे टाकली. चार जणांची वर्तमानपत्रातली निधनवार्ता मिळाली.

म्हणून माळ्यावरची ट्रंक खाली काढली. आपले जुने अंक आम्ही तिच्यात जपून ठेवले होते, निदान तशी आमची समजूत होती. माळ्यावर गळती कधी लागली ते कळले नाही. वरचे अंक ठीक होते. खालचे तीन एकमेकांना चिकटून वीट झालेले, एकाला कसर लागलेली. मुलीने ते गच्चीवर सावलीत वाळत घातले आणि दुपारी पाने सुटी करून मोबाईलवर फोटो काढायला बसली. एका रविवारी तिची एकशे दहा पाने झाली. खाला शेजारी बसून पाने उलटायला मदत करत होती, उलटता उलटता कविता वाचत होती, आणि एक कविता वाचून ‘ये कौन है? पता निकालो’ म्हणाली. ते कवी उस्मानाबादकडचे, आता हयात नाहीत.

१९९३ चा अंक पूर्ण आहे. १९९४ च्या अंकातली ३३ ते ४८ ही पाने गेलेली आहेत. १९९६ च्या अंकाचे मुखपृष्ठ नाही आणि अनुक्रमणिका अर्धी आहे. १९९१ चा अंक आमच्याकडे मुळातच नव्हता, तो एका मित्राने वाचायला नेला होता आणि आता तो मित्रही नाही. यांपैकी काही ज्यांच्याकडे असेल त्यांनी संपादकांकडे कळवावे. अंक पाठवू नये, टपालात गहाळ होतो. पानांचे फोटो पुरतील. फोटो दिवसा, उन्हात नव्हे तर सावलीत काढावेत आणि पान सरळ धरावे, असे मुलीने मुद्दाम लिहायला सांगितले आहे.